वरचा विचारतोय

१

ही गोष्ट खरी आहे. शपथेवर सांगतो. हवी त्याची शपथ घालून घ्या, माझीच घाला, तशीही ती फारशी कामाची राहिलेली नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खरी. आता शेवटच्या म्हणजे अगदी शेवटच्या नाही, मधला एक तुकडा मी रचला आहे. तो कुठला ते शेवटी सांगेन. सांगावंच लागेल, कारण मी नाही सांगितलं तर माझी बायको सांगेल, आणि तिच्या तोंडून मी फार वाईट दिसतो.

आमचं घर तिमजली आहे. तसं दुमजलीच, पण वर जाताना गुडघे तीन मजले मोजतात. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे डावीकडचे काका शिंकले की आमच्या कपबश्या वाजतात आणि माझी बायको भिंतीकडे बघून म्हणते, "औषध घ्या." सगळ्या घरांची छतं सपाट. आडव्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर डांबरी कागद. गळायला लागलं की आजोबांनी त्यावर कागदाचा एक थर चढवला, वडिलांनी दुसरा चढवला. मी त्यांचा कर्तबगार वंशज, मी बादली ठेवली.

बादली ताईच्या खोलीत होती, अगदी वरच्या मजल्यावर.

ताई माझी मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा माझं नाक पुसण्यापासून कान उपटण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायची, "दिवसभर लोकांच्या लाइनी जुळवते, घरी येऊन आणखी कुठे जुळवू?" खुबा मोडल्यापासून ती वरच्या खोलीतून उतरलेली नव्हती. पलंगापासून खिडकीपर्यंत काठी टेकत जायची. काठीचं रबरी बूच एका बाजूने झिजलेलं, त्यामुळे आधी टक वाजायचं आणि मागून खर्र. टक-खर्र, टक-खर्र. घरात कुठेही असलो तरी ताई आता काय करते आहे हे आम्हाला कळायचं.

तिच्या उशावरच्या सिलिंगला डाग पडला होता. आधी बशीएवढा, मग परातीएवढा, आणि मग मधोमध पोट सुटल्यासारखं प्लास्टर खाली उतरायला लागलं. एक दिवस हे तिच्या अंगावर येणार, हे मलाही दिसत होतं. मी दमलेलो होतो. ऑफिस, जिना, ताट घेऊन जिना, ताट आणायला जिना. पण छत बदलायलाच हवं होतं.

२

छताच्या कामाला बोलावलेला मुकादम जिन्यावरच्या झडपेतून छतावर जाऊन आला आणि हात झटकत म्हणाला, "साहेब, हे छत नाही, नुसती ठिगळं आहेत. ठिगळं काढली तर खाली काय उरतं ते बघायचं."

"किती दिवस?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू? पण मोठ्या ताईंना तेवढं खाली न्या. आवाज होईल, धूळ पडेल."

"मोठ्या ताई इथेच आहेत आणि त्यांना कान आहेत," ताई पलंगावरून म्हणाली. "मी खाली जाणार नाही. एकदा गेले की परत वर कोण आणणार? हा थापाड्या? ह्याला स्वतःला वर आणताना दोनदा थांबावं लागतं."

थापाड्या म्हणजे मी. घरातलं नाव आहे, आणि दुर्दैवाने घराबाहेरही पसरलेलं आहे.

मुकादम हसला. मग त्याने आपली पद्धत सांगितली. पाणी छतात एकीकडून शिरतं आणि भलतीकडेच ठिबकतं, त्यामुळे वर उभं राहून खालचा डाग कुठे आहे ते कळत नाही. म्हणून एकाने खाली थांबायचं. "मी वरून हातोडीने एकदा ठोकतो. म्हणजे मी विचारतो, इथे का? डाग बरोबर तिथेच असेल तर तुम्ही खालून एकदा ठोका. नसेल तर दोनदा ठोका, मी सरकतो."

"आणि कोणी उत्तरच दिलं नाही तर?" ताईने विचारलं.

"तर मी पुन्हा विचारणार. तिथेच. उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही, नाहीतर खूण चुकते."

ताईला हे फार आवडलं. "बरोबर आहे. वाजलेली लाइन सोडायची नाही."

३

त्याच दिवशी दुपारी मी जाळी काढायचा लांब झाडू उलटा धरून ताईच्या खोलीत उभा राहिलो. वरून हातोडी वाजली, ठक्. मी दोनदा ठोकलं. पावलं सरकली. ठक्. पुन्हा दोनदा. ठक्. एकदा. खडू घासल्याचा आवाज आला. ताई उशीला टेकून मजा बघत होती. "डावीकडे सांग त्याला. अरे, त्याची डावी वेगळी आणि तुझी वेगळी." अशा दोन जागा सापडल्या, आणि मग वर शांत झालं.

मी झाडू खाली ठेवणार तेवढ्यात खिडकीच्या वर टक् झालं.

हा आवाज हातोडीचा नव्हता. वाकवलेल्या बोटाने दारावर वाजवावं, आणि आतला माणूस झोपला असेल तर उठू नये असंही वाटावं, तसा होता. मी म्हटलं डांबराचा जाड थर असेल, आवाज दबला असेल. दोनदा ठोकलं. पुन्हा टक् झालं, जरासं अलीकडे. हातोडी एकेक पाऊल उडी मारत होती, हा मात्र बोट बोट सरकत होता. खिडकीवरून कपाटावर, कपाटावरून पलंगाच्या पायथ्याशी, तिथून उशाकडे. माझे खांदे भरून आले. शेवटी तो मोठ्या डागाच्या बरोबर वर आला. टक्.

मी एकदा ठोकलं. खडू घासल्याचा आवाज आला नाही.

"किती अदबीचा माणूस," ताई म्हणाली. "विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही."

मी तिसरी खूण नीट झाली का बघायला झडपेतून डोकं बाहेर काढलं. मुकादम आणि त्याचा जोडीदार लंबू शेजारच्या छताच्या कठड्यावर बसून डबा खात होते. डबा जवळजवळ संपलेला होता.

"मिळाल्या की दोन जागा, पुरे झाल्या," मुकादम म्हणाला.

"आणि तिसरी? उशावरची?"

"तिसरी कुठली? आम्ही केव्हाचे इथे बसलोय."

मी त्यांना सगळं सांगितलं. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं नाही, लंबूकडे पाहिलं. लंबू घास गिळून म्हणाला, "साहेबांनी सकाळी सांगितलं होतं, ह्यांच्या आजोबांनी या छतावर घोडा पाळला होता."

ते खरंच होतं. म्हणजे घोडा नव्हता, बोकड होता. म्हणजे आजोबांचा नव्हता, शेजाऱ्यांचा होता. पण असं एकदा झालं की पुढचं सगळंच बोकडाच्या खात्यात जातं. मीही मग स्वतःला समजावलं. कबुतर असेल. ऊन उतरताना जुनी लाकडं वाजतात. लाकूड विचारून वाजत नाही, हे मात्र जिना उतरताना मनात आलं. पण जिना उतरताना मी सहसा फक्त गुडघ्यांचाच विचार करतो, तसाच केला.

४

काम सुरू झालं. सकाळपासून डोक्यावर पहारी, फावडी, फरफट. फाटलेल्या डांबराचा वास चहात, कपड्यांत, उशीत. डांबरी कागदाचे तुकडे दोरीने खाली रस्त्यावर उतरायचे आणि डावीकडचे काका त्यांच्याकडे आपल्याच घराचं आयुष्य कमी होतंय असं बघत उभे राहायचे. मी रजा काढली होती, रजेत ऑफिसपेक्षा जास्त दमत होतो.

एका संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, ताईंना दुपारी काय हवं असतं? काठीने ठोकत असतात. वर गेलं की म्हणतात, तुला नाही बोलावलं."

"फरशीवर ठोकते?"

"फरशीवर असतं तर मी विचारलं असतं का? सिलिंगवर."

दुसऱ्या दिवशी माणसं जेवायला थांबली तेव्हा मी वर गेलो. ताई पलंगावर बसून काठी उलटी, बूच वर करून धरून होती. तिने सिलिंगला टेकवली. टक-खर्र. टक-खर्र. दोनदा. मग माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"काय चाललंय, ताई?"

"सरकवते त्याला."

"कोणाला? सगळे खाली नळावर हात धुतायत."

"म्हणून तर. ते गेले की हा विचारतो. मधे मधे बोलत नाही कोणाच्या."

"काय विचारतो?"

"तुला नाही का माहीत? तूच तर मला शिकवलंस त्याला उत्तर द्यायला." ती हे सहज म्हणाली, भाजी संपली सांगावं तसं. "एकच विचारतो. इथे का? मी म्हणते, सरक. खिडकीपाशी नेते, कपाटापाशी नेते. पण येतो परत उशाशीच."

मी पलंग ओढला आणि पार पलीकडच्या भिंतीला लावला. ताईने ओढू दिला. मी धापा टाकत पलंगाच्या कडेला टेकलो, आणि आम्ही दोघांनी ऐकलं. जुन्या जागेवर एकदा टक् झालं. मग बोट बोट करत आवाज सिलिंगवरून पलीकडे सरकत आला आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर थांबला.

"उत्तर देऊ नकोस," मी कुजबुजलो.

"आणि तो तसाच ठोकत बसला तर? अख्खी नोकरी केली मी, वाजलेली लाइन कधी सोडली नाही. तू थापा मार, मी उत्तर देते. ज्याचं त्याचं काम." तिने काठी उचलली, दोनदा ठोकलं, आणि काठी मांडीवर पडू दिली. मनगट चोळत म्हणाली, "फक्त हात भरून येतो रे. हो म्हणायचं तर एकदाच उचलावा लागतो. ह्या मुकादमाने नाही म्हणायला दोनदा का ठेवलं कोण जाणे."

मी तिला सांगितलं की उंदीर असतील. ती म्हणाली, उंदरांपेक्षा तुझा घोडा बरा होता.

५

ज्या दिवशी ताईच्या खोलीवरच्या फळ्या निघाल्या त्या दिवशी मी वर गेलो. मला बघायचंच होतं. फळ्या आणि सिलिंग यांच्यात जी वीतभर पोकळी होती, तिच्यात जे काय असेल ते. कबुतराचं घरटं, उंदराचं बीळ, मेलेली घूस, काहीही चाललं असतं. मी तर घूस असावी म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो.

भर दुपार होती. ऊन थेट आत पडत होतं. तुळया उघड्या, आणि तुळयांच्या मधे सिलिंगची पाठ दिसत होती. पट्ट्या, त्यावर प्लास्टरचे उगवलेले गोळे, आणि सगळ्यावर लोकरीसारखी दाट, राखाडी धूळ. कोरडी होती. इतकी वर्षं गळलेलं पाणी इथे कुठे शिरलं असेल असं वाटूच नये, इतकी कोरडी. एक पाऊल नाही, एक पीस नाही, एक लेंडी नाही.

"आहे का तुमचा घोडा?" मुकादमाने विचारलं. तो माझ्या उजवीकडे तुळईवर उभा होता. लंबू झडपेपाशी दोरी गुंडाळत होता. म्हणजे दोघेही माझ्या नजरेसमोर होते, आणि कोणीच काही ठोकत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. मला खरंच हलकं वाटलं.

मग माझी नजर पलीकडच्या भिंतीशी गेली. तिथे खाली ताईचा पलंग होता. दोन तुळयांच्या मधली धूळ हळूच हलायला लागली. वारा नव्हता. धूळ उडत नव्हती, घरंगळत होती, चारी बाजूंनी एका जागेकडे. नाही, दोन जागांकडे. दोन खळगे पडत होते, शेजारी शेजारी. एखाद्या मोठ्या माणसाने पालथं होऊन कोपरं टेकावीत तेवढ्या अंतरावर. पट्ट्या वाकल्या. प्लास्टर करकरलं. त्यांच्यावर काही नव्हतं. ऊन होतं.

मी काही ऐकलं नाही. वर काहीच वाजलं नाही, हे मी शपथेवर सांगतो, आणि ही शपथ मघाची नाही.

पण खालून, माझ्या पायांखालच्या खोलीतून, उत्तर आलं. टक-खर्र.

मी दुसऱ्या ठोक्याची वाट बघत उभा राहिलो. मुकादमही थांबला होता, त्यालाही ती पद्धत माहीत होती, त्याचीच होती. दुसरा ठोका आला नाही. खळगे हळूहळू भरून वर आले, वजन उचललं की गादी येते तसे.

६

मी जिन्यावरून धावलो. माझ्या वयात आणि वजनात त्याला धावणं म्हणत नाहीत, कोसळणं म्हणतात. ताई पाठीवर पडून वर बघत होती, काठी छातीवर.

"चल खाली. आत्ताच्या आत्ता."

"आता कशाला?" ती म्हणाली. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता. एक्स्चेंजमधली पाळी संपवून घरी आल्यावर चपला काढायची तेव्हाचा होता. "मी हो म्हटलं त्याला. दमले बघ. जा, चहा टाक."

चहा कोण टाकतो? मी स्वयंपाकघरातली हातांची खुर्ची आणली, मुकादमाने आपल्या दोऱ्या आणल्या, आणि आम्ही ताईला खुर्चीला बांधून जिन्यावरून उतरवलं. वर मी, खाली मुकादम, मधे ताई, राणीसारखी. वळणावर खुर्ची अडकली. "जरा तिरकी करा," मुकादम म्हणाला. "मला तिरकी करा की खुर्चीला, ते ठरवा आधी," ताई म्हणाली. बायको खालून ओरडत होती, "भिंत खरवडू नका!" लंबू मागून माझा शर्ट धरून होता. चौथ्या की पाचव्या पायरीवर माझा पाय घसरला आणि ताईने काठी माझ्या डोक्यात घातली. खाली पोचलो तेव्हा सगळे हसत होतो, मुकादम तर भिंतीला टेकून रडेपर्यंत. ताईला पुढच्या खोलीत खिडकीशी बसवलं. रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्याला ती तिथून नावं ठेवायला लागली. वर नव्या फळ्या बसल्या, नवा डांबरी कागद चिकटवला गेला, आणि त्यानंतर आमच्या छतातून एक थेंब आला नाही.

७

तर हा रचलेला तुकडा.

सगळा नाही. खुर्ची खरी आहे. दोऱ्या खऱ्या. वळणावर अडकली तेही खरं आहे, पण ती वर जाताना अडकली. मी आणि मुकादम ती ओढत वर पोचलो तेव्हा ताईचे डोळे उघडे होते आणि ती वरच बघत होती. मुकादमाने आधी ओळखलं. मी दोऱ्या सोडवत बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, वय झालं होतं, झोपेत जावं तशा गेल्या. असेलही. सिलिंगला तडासुद्धा नव्हता. खुर्ची खाली आली ती रिकामी आली, आणि वळणावर अजिबात अडकली नाही.

ते खुर्चीवरचं हसणं मी पुढे जोडलं. सांगून सांगून आता मला ते आठवतं, काठीचा मार सुद्धा. ताईला आवडलं असतं. थापाड्या म्हणाली असती.

काठी मात्र सापडली नाही. पलंगाखाली, कपाटामागे, गादीच्या घडीत, सगळीकडे पाहिलं. मी मुकादमाला म्हटलं, छत बंद करण्याआधी एकदा पोकळीत बघा. तो म्हणाला, "बघितलं, साहेब." कधी बघितलं ते त्याने सांगितलं नाही. त्या दिवशी त्याने फळ्या जेवढ्या भराभर ठोकल्या तेवढ्या मी कोणालाही ठोकताना पाहिलेलं नाही. आणि ठोकताना मधे एकदाही थांबला नाही. थांबला असता तर काहीतरी ऐकू आलं असतं, असं मला वाटतं.

वरची खोली आता घरातली सगळ्यात कोरडी, उजेडाची खोली आहे. बायकोने तिथे आमचा पलंग हलवला. मी नको म्हटलं. तिने कारण विचारलं, मी खरं सांगितलं, आणि ती म्हणाली, "पुरे."

दुपारी, रस्ता निवांत झाला की, मी आडवा होतो. खिडकीच्या वर आवाज होतो. आता तो बोटाचा नाही. एका बाजूने झिजलेल्या रबराचा आहे. टक-खर्र. मग कपाटावर. मग माझ्या उशावर.

मी झाडू पलंगाशी ठेवला आहे. न उत्तर देऊन पाहिलं आहे. ताई लाइन सोडत नाही. तिने कधीच सोडली नाही. म्हणून मी झाडू उचलतो आणि दोनदा ठोकतो. ती सरकते. काही वेळाने परत येते आणि पुन्हा विचारते, चिडत नाही, घाई करत नाही. माझं नाक पुसताना जशी थांबायची तशी थांबते.

काल एकदा ठोकल्यावर हात तसाच वर राहिला. दुसऱ्यांदा उचलायला जोर येईना. वरती सगळं गप्प झालं. ताई ऐकत होती. तेवढ्यात बायको दारातून म्हणाली, "अहो, झोपा की. कसली जाळी काढताय रोज रोज?" आणि मी दचकून दुसरा ठोका दिला.

आज बायको बाजारात गेली आहे. उशीर होईल म्हणाली.